नाकाची साक्ष

आपल्या भाषेत नाकाला मोठा मान आहे. अब्रू गेली की नाक गेले असे म्हणतात. गर्विष्ठ माणूस नाक वर करून चालतो. शरण आलेला नाक घासतो. न आवडलेल्या पदार्थाला मुले नाक मुरडतात. एवढा मान देऊनही नाकाचे जे खरे काम, त्याची आठवण आपणांस फारशी राहत नाही. डोळ्यांसाठी आपण भिंती रंगवतो, कानांसाठी घंटा टांगतो, अंगाला सुख व्हावे म्हणून गादी घालतो. परंतु घर बांधताना, गल्ली आखताना किंवा शाळेची इमारत उभारताना, 'येथे नाकाला काय वाटेल?' असा प्रश्न किती जण विचारतात? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण पंढरपुरास जाऊ.

पंढरपूर हे भीमा नदीच्या काठी वसलेले गाव. येथे नदीने चंद्रकोरीसारखे वळण घेतले आहे, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. आमच्या लहानपणी आमच्या आळीत एक अंध आजोबा राहत असत. ते रोज पहाटे हातात काठी घेऊन एकटेच चंद्रभागेवर जात, स्नान करीत आणि तेथून विठ्ठलाच्या महाद्वारापर्यंत येत. आम्हां मुलांना त्याचे फार नवल वाटे. एकदा आम्ही त्यांना विचारले, "आजोबा, तुम्हांला वाट कशी सापडते?"

आजोबा हसून म्हणाले, "अरे पोरांनो, तुमची वाट डोळ्यांत आहे, माझी नाकात आहे. ओल्या वाळूचा वास संपला की घाटाच्या पायऱ्या आल्या. पायऱ्या चढून वर आलो की भट्टीवर फुटणाऱ्या लाह्यांचा खमंग वास येतो. तेथे उजवीकडे सरायचे. पुढे बुक्क्याची दुकाने. मग तुळशीच्या माळा घेऊन बसलेल्या बायका. उदबत्ती आणि कापूर यांचा वास एकत्र आला की समजावे, नामदेवाची पायरी जवळ आली. मग मी वाकून हात लावतो. आजवर पायरी कधी चुकलेली नाही."

त्या दिवशी आम्ही डोळ्यांना रुमाल बांधून तीच वाट चालून पाहिली. आम्ही ठेचकाळलो, एकमेकांवर आदळलो. परंतु बुक्क्याचा वास मात्र आम्हां सर्वांना ओळखता आला. बुक्का म्हणजे वारकऱ्यांच्या कपाळी लागणारी काळी सुगंधी पूड. चंदन, वाळा, नागरमोथा अशा सुवासिक द्रव्यांचा गंध तिच्यात मुरलेला असतो. ज्या गल्लीत ती वर्षानुवर्षे विकली जाते, तेथील लाकडी फळ्यांनाही तो वास लागून राहतो. तेव्हा आम्हांस प्रथमच कळले की, गावाला जसा रंग असतो तसा गंधही असतो.

हे घडते कसे? कोणत्याही गंधयुक्त पदार्थापासून त्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे रेणू, सुटून हवेत मिसळतात. श्वासाबरोबर ते नाकात शिरतात. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूस एक ओलसर पडदा आहे. त्या पडद्यातील पेशींवर गंध टिपणारे ग्राहक असतात. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एकच गंध अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात जागे करतो, आणि त्या जुळणीवरून मेंदू 'हा मोगरा', 'ही जळलेली पोळी' असे ओळखतो. रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे ग्राहक घडविणाऱ्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाकाचा निरोप मेंदूच्या ज्या भागांकडे फार लवकर पोहोचतो, ते भाग भावना आणि स्मरण यांच्याशी निगडित आहेत. म्हणूनच आजीच्या पेटीतील लुगड्याचा वास आला की आजीच आठवते, आणि पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास आला की आषाढातली दिंडी डोळ्यांसमोर उभी राहते. मातीच्या या वासात जमिनीतील काही सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. ते द्रव्य अत्यल्प असले तरी माणसाचे नाक ते ओळखते.

परंतु नाकात एक उणीवही आहे. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणे सोडून देते. पाहुणा दारात येताच त्याला कोंदट वास जाणवतो. घरच्या माणसांना मात्र त्याची वार्ताही नसते. म्हणून आपल्या घराच्या वासाविषयी स्वतःच्या नाकावर फार विसंबून राहू नये. बाहेरून आत येताना पहिल्या क्षणी जे जाणवते, ते खरे मानावे.

आपल्या पूर्वजांना रेणू आणि ग्राहक ठाऊक नव्हते. पण अनुभव होता. एखादा जुना वाडा नीट पाहा. दिंडी दरवाजातून आत गेले की देवडी लागते, पुढे मोकळा चौक. चौकात तुळशीवृंदावन. चौकाभोवती ओसरी, आत माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर. उन्हाने तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोल्यांतून दुसरी हवा ओढली जाते. त्यामुळे चुलीचा धूर, फोडणीचा खाट, ओल्या कपड्यांचा कुबट वास कोंडून राहत नाही. स्वयंपाकघराच्या छपराला झरोका असे, तोही याच कारणासाठी. परसात पारिजात किंवा मोगरा लावीत, तो बहुधा अशा जागी की, वाऱ्याबरोबर सुवास घरात यावा. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता कमी होते, आणि येणारी झुळूक थंडही असते व सुगंधीही.

देवळाची गोष्ट याहून निराळी. तेथे गंध बाहेर घालवायचा नसून राखायचा असतो. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात सोळखांबी, चौखांबी ओलांडून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कमी होत जातो, दगड थंड लागतो आणि जाड भिंतींच्या त्या लहानशा जागेत तुळस, चंदन, कापूर यांचा गंध दाटून येतो. डोळे मिटले तरी आपण कोठे आहोत हे कळते. चौक गंधाला वाट देतो, गाभारा गंधाला जवळ ठेवतो. जागा कशासाठी आहे, यावरून तिची रचना ठरते.

येथवर आपण सुगंधाचे कौतुक केले. आता जुन्या वाड्याच्या मागच्या दाराकडेही जाऊ. कारण अर्धे सत्य तेथे आहे.

वाड्याच्या पुढच्या दारी रांगोळी असे. मागच्या बाजूस, घरापासून जितका दूर नेता येईल तितका दूर, शौचकूप असे. अनेक जुन्या गावांत त्याच्या मागे एक अरुंद बोळ ठेवलेला असे. त्या बोळातून काही माणसे येत, शौचकुपाखालची टोपली उपसून नेत आणि मुकाट्याने निघून जात. पुढच्या दारी दुर्गंधी येऊ नये याची व्यवस्था अशी की, ती दुर्गंधी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली जाई. ज्यांनी ती वाहिली त्यांना गावाने अस्पृश्य ठरविले. ज्यांच्या श्रमाने घर स्वच्छ राही, त्यांनाच घरात प्रवेश नव्हता; आणि तुळशी-बुक्क्याचा गंध जेथे दरवळतो त्या विठ्ठलाच्या गाभाऱ्यातही नव्हता. या अन्यायाविरुद्ध साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले. त्यानंतर मंदिराचे दार सर्वांना खुले झाले.

मुलांनो, घराच्या आराखड्यातील एक लहानसा बोळही माणुसकीची परीक्षा घेत असतो, हे ध्यानात ठेवा. दुर्गंधी दूर ढकलणे म्हणजे दुर्गंधी नाहीशी करणे नव्हे.

मोठ्या यात्रेच्या गावी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. पंढरपूरची वस्ती सुमारे एक लाखाची. आषाढी एकादशीला तेथे त्याच्या कित्येक पट वारकरी जमतात. एकोणिसाव्या शतकात यात्रांच्या दिवसांत पटकीच्या साथी पसरत आणि पुष्कळ माणसे दगावत. त्या काळी अनेक विद्वान डॉक्टरांचेही मत असे होते की, घाणीतून उठणारी दूषित हवा, म्हणजे दुर्गंधीच, रोग उत्पन्न करते. लंडन शहरात १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने घरोघरी चौकशी करून दाखवून दिले की, आजारी पडलेले बहुतेक लोक ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत होते. दोष हवेत नव्हता, पाण्यात होता. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात संशोधन करून पटकीचे कारण असलेला जंतू निश्चित केला.

याच्या मध्यंतरी लंडनमध्ये एक मौजेची घटना घडली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीत साचलेल्या मैल्याची दुर्गंधी इतकी वाढली की, नदीकाठच्या संसदभवनात सभासदांना बसवेना. तेव्हा कोठे भुयारी गटारे बांधण्याचा निर्णय त्वरेने झाला. जोसेफ बाझलगेट या अभियंत्याने ते काम केले. गटारे बांधली दुर्गंधीच्या भीतीने. पण त्यामुळे मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला आणि पटकी हटली. कारण चुकीचे समजले होते, तरी उपाय बरोबर ठरला.

यावरून काय शिकावे? नाक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. वास आला की तेथे काही कुजते आहे, हे नाक खरे सांगते. तिकडे लक्ष दिलेच पाहिजे. परंतु वास नाही म्हणून पाणी शुद्ध आहे, असे मानणे घातक आहे. पटकीचे जंतू असलेले पाणी नितळ आणि वासरहित असू शकते. साक्ष ऐकावी, मग तपास करावा.

दुर्गंधीवर खरा उपाय कोणता, हे शोधणारी माणसे आपल्याकडेही झाली. संत गाडगे महाराज पंढरपुरास येत ते हातात खराटा घेऊन. दिवसा ते घाट व रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. ज्यांना उतरायला कोणी जागा देत नसे, त्यांना तेथे आसरा मिळाला. पुढे १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम स्वतःच्या हातांनी केले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अशा शौचकुपांचे प्रयोग केले की, मैल्यावर माती व पालापाचोळा पडून त्याचे खत व्हावे आणि कोणाच्याही डोक्यावर टोपली येऊ नये. डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा देशभर प्रसार केला. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. तोवर पहिल्यातील मैल्याचे मातीसारखे, दुर्गंधीरहित खत होते.

आणखी एक युक्ती तर तुम्ही रोज पाहता, पण ओळखत नाही. शौचालयाच्या भांड्याखालची नळी वाकडी का असते? १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने लंडनमध्ये तिचे एकस्व मिळविले. त्या वाकणात थोडे पाणी कायम उरते आणि ते पाणी बुचासारखे काम करते. गटारातील दूषित वायू त्या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. ओंजळभर पाणी एवढे मोठे काम करते! न्हाणीघराच्या मोरीलाही अशीच सोय असते. फार दिवस बंद असलेल्या घरात गटाराचा वास येतो, कारण हे पाणी आटून गेलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

मैला हाताने उपसण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशात १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. वारीच्या वाटेवर आणि पंढरपुरात आता फिरती शौचालये उभी केली जातात. दिंड्यांना उतरण्यासाठी 'पासष्ट एकर' या नावाने ओळखला जाणारा तळ आखला आहे. चंद्रभागा निर्मळ व्हावी म्हणून २०१६ मध्ये शासनाने 'नमामि चंद्रभागा' ही योजना हाती घेतली. तरीही नदी केवळ योजनेने निर्मळ राहत नाही. वाळवंटात टाकलेली प्रत्येक पत्रावळ आणि नदीत सोडलेली प्रत्येक मोरी तिच्या वासात भर घालते.

आता आपल्या अंध आजोबांकडे परत येऊ. एका वर्षी यात्रा संपल्यावर आमच्या आळीच्या तोंडाशी गटार तुंबले. दुर्गंधीने सारा रस्ता भरून गेला. आम्ही नाक मुठीत धरून पळत जाऊ आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही जाऊ. पण आजोबा त्या दिवशी बुक्क्याच्या दुकानापाशी गोंधळून उभे राहिले. त्यांना पुढची वाट सापडेना. एका दुकानदाराने दया येऊन गटाराभोवती उदबत्त्या लावल्या, कोणी फिनेल ओतले. आजोबा म्हणाले, "बाबांनो, हे काय केलेत? मघाशी निदान घाण कोठे आहे ते तरी कळत होते. आता घाणही कळेना आणि वाटही कळेना!"

अखेर सफाईचे काम करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी भर उन्हात दोन तास खपून गटार मोकळे केले. पाणी खळखळून वाहू लागले. संध्याकाळपर्यंत वाऱ्याने दुर्गंधी वाहून नेली, आणि लाह्यांचा, तुळशीचा, बुक्क्याचा वास आपापल्या जागी परत आला. आजोबांनी काठी टेकीत टेकीत त्या गृहस्थांना गाठले. ते म्हणाले, "मला शिवू नका आजोबा, अंगाला घाण लागली आहे." आजोबांनी त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटले, "ही घाण आमची आहे. तुम्ही माझी वाट मला परत दिलीत. आधी हातपाय धुवा आणि माझ्या ओसरीवर चहा घेतल्याशिवाय जाऊ नका." आळीतील मोठी माणसे नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्या गटारात कचरा टाकायला कोणाचा हात धजावला नाही.

मुलांनो, तुमच्यांतील कोणी उद्या स्थपती होईल, कोणी अभियंता, कोणी नगरसेवक होईल. निदान प्रत्येक जण कोणत्या तरी घरात राहणारच आहे. जागा आखताना चार प्रश्न विचारावयास विसरू नका. वारा कोठून येतो आणि कोठे जातो? सांडपाणी कोठून निघते आणि कोठे पोहोचते? येथील वास डोळे नसलेल्या माणसाला काय सांगेल? आणि आपल्या घरची दुर्गंधी आपण नाहीशी केली आहे, की दुसऱ्याच्या दारी ठेवली आहे? सुगंध जरूर असावा. पण तो स्वच्छतेवर फुलावा, घाणीवर पांघरूण म्हणून पसरू नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भीमा नदीला पंढरपुरात चंद्रभागा का म्हणतात?
(आ) शौचालयाच्या वाकड्या नळीत उरलेले पाणी कोणते काम करते?
(इ) खूप दिवस बंद असलेल्या घरात गटाराचा वास का येतो?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाड्याचा चौक आणि मंदिराचा गाभारा यांच्या रचनेत गंधाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
(आ) 'नाक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे' हे विधान पटकीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(इ) उदबत्त्या लावल्यावर आजोबा नाराज का झाले?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
नाक मुरडणे, नाक घासणे, नाक मुठीत धरणे, हात न धजावणे.

४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
सुगंध, निर्मळ, अरुंद, कोंदट.

५. उपक्रम : आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चालत जा. वाटेत कोणकोणते वास येतात, ते कोठून येतात व का येतात, यांची नोंद करा. जेथे दुर्गंधी आढळेल तेथील कारण शोधून, ते दूर करण्याचा उपाय सुचविणारे पत्र मुख्याध्यापकांस लिहा.